नवसात दिलेलं धावणं

शहापूर मागे पडलं तशी सावली संपली. दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या, पण बागेची सावली बागेपुरती. रस्त्याने चालणाऱ्याला तिचा काय उपयोग. पहाटे साडेचारला आम्ही बऱ्हाणपुरातून निघालो होतो. चैत्र नवरात्रातला मंगळवार, त्यामुळे इच्छापूरच्या देवीच्या रस्त्याला माणसंच माणसं. कुणी अनवाणी, कुणाच्या खांद्यावर झेंडा, कुणाच्या कडेवर लेकरू. मीही अनवाणी होते, दरवर्षी असते. आणि माझ्या शेजारून आमच्या सुलभाताई, माझ्या मोठ्या जाऊबाई, पायात निळे बूट घालून चालत होत्या.

बायकांना बूट लगेच दिसतात. ताक वाटणाऱ्या मंडपापाशी आमच्या गल्लीतल्या कौतिकमावशी भेटल्या. त्यांनी ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय वं सुलभा, देवीला चालली का पलटणीत भरती व्हायला?”

“दोन्ही,” ताई म्हणाल्या. “भरती झाली की कळवते.”

“अन पोट? एवढं मोठं ऑपरेशन झालं तुझं.”

“पोट संगतीच आणलंय मावशी. घरी ठेवायला कुणाजवळ द्यावं ते कळेना.”

मावशी हसल्या, पण जाता जाता त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझ्या हातातलं ताक तसंच राहिलं. त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बाकीची माणसं नवस फेडायला निघाली होती, आम्ही दोघी मोडायला. नवस मी बोलले होते. पाच महिन्यांपूर्वी ताई ऑपरेशनच्या टेबलावर असताना मी देवीकडे त्यांचा जीव मागितला होता आणि त्याबदल्यात त्यांचं धावणं देवीच्या पायी ठेवलं होतं. ताई जगल्या. आता त्यांना धावायचं होतं. आणि मला एकच भीती होती, दिलेलं परत घेतलं तर मागितलेलंही परत जाईल.

ताई माहेरच्या निंबोल्याच्या. वडिलांची केळी होती, घरापासून शेत अडीच-तीन किलोमीटर. शाळा सुटली की वडिलांचा डबा घेऊन ही पोर पळत शेतात जायची. डबा गरम पोचला पाहिजे आणि वरण सांडता कामा नये, अशी आईची ताकीद. त्यामुळे त्यांचं धावणं अजूनही तसंच आहे, असं भाऊजी सांगतात. पाय जोरात चालतात, पण खांद्यापासून वर काही हलत नाही. नववीत असताना शाळेच्या गुरुजींनी त्यांना जिल्ह्याच्या शर्यतीला नेलं. त्या अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मोहरी असते. मी लग्न होऊन या घरात आले, रोज त्या डब्यातली मोहरी फोडणीत टाकली आणि तो डबा कशाचा ते मला पंधरा वर्षांनी कळलं. ताई सांगणाऱ्यातल्या नाहीत.

आमचं घर एकच, दोन भावांचं. वर ताई आणि सुधाकरभाऊजी, खाली आम्ही, आणि सासूबाई जिथे टीव्ही चालू असेल तिथे. ताईंची मुलगी तृप्ती इंदूरला नोकरीला. ताई तहसील कचेरीत नकलेच्या खिडकीवर बसतात. ज्याला आपल्या जमिनीच्या खसऱ्याच्या उताऱ्याची नक्कल हवी तो त्यांच्याकडे येतो. बाकीच्या खिडक्यांवर लवकर काम होतं, ताईंकडे होत नाही. त्या मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून बोटाने ओळन् ओळ जुळवतात. धूलकोटहून बसने आलेला माणूस तास तास थांबतो, कावतो, “मॅडम, साइन मार दो ना,” म्हणतो. ताई वर बघतसुद्धा नाहीत. पण तो माणूस त्याच कागदासाठी दुसऱ्यांदा आला, असं कधी झालेलं नाही.

धावणं परत सुरू झालं ते भांडणातून. आठ वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीच्या निमित्ताने कर्मचाऱ्यांचे खेळ ठेवले होते. बायकांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. ताईंनी यादीत चारशे मीटरपुढे स्वतःचं नाव लिहिलं. बडे बाबू, म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क, म्हणाले, “मॅडम, वो जेंट्स का है.”

ताई म्हणाल्या, “दौड ज़मीन पर है ना? कि जेंट्स पर है?”

चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पायात भाऊजींचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेला. नऊ जणांत चौथ्या आल्या. मागे राहिलेल्यांत दोघे जण ओकले, असं भाऊजी अजून रंगवून सांगतात. पुढचे चार दिवस ताईंना जिना चढता येत नव्हता, बसूनबसून चढायच्या. पाचव्या दिवशी पहाटे पाचला गजर वाजला आणि त्या घराबाहेर पडल्या.

तेव्हापासून रोज. आधी स्टेडियमला, मग राजघाटाकडे तापीच्या कडेकडेने. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. “बहनजी, बस छूट गई क्या?” हे तर रोजचंच. सासूबाई दारात बसून विचारायच्या, “काहून पळतं वं? कुठी आग लागली का?” ताई म्हणायच्या, “लागली नाही आई, लागू नये म्हणून.” पण परत आल्यावर त्यांचा चेहरा असा काही असायचा की सासूबाईही पुढे बोलायच्या नाहीत. मी त्या वेळेला देवपूजेत असायचे. गेटची कडी वाजली की समजायचं, ताई आल्या, आता चहा ठेवावा.

मागच्या वर्षी त्यांच्या अंगावरून जास्त जायला लागलं. पाळी जायच्या वयात होतं असं, म्हणून त्यांनी अंगावर काढलं. आम्ही सगळ्याच काढतो. मग एके दिवशी खिडकीवरच चक्कर आली. सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठी निघाल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल. आजार कळला त्याच संध्याकाळी त्याचं कारणही गल्लीत ठरून गेलं. धावून धावून पिशवी खाली आणली. डॉक्टरीणबाईंनी सांगून पाहिलं की गाठींचा आणि धावण्याचा काही संबंध नाही, न धावणाऱ्या बायकांनी माझा अख्खा वॉर्ड भरलाय. पण ते दवाखान्यात राहिलं. गल्लीचं मत गल्लीत राहिलं.

कार्तिकात ऑपरेशन झालं. दीड तासात होईल म्हणाले होते. दोन तास झाले, अडीच झाले. मग नर्स बाहेर आली आणि म्हणाली, रक्त जास्त जातंय, अजून दोन बाटल्या आणा. भाऊजी आणि आमच्याकडचे, म्हणजे माझे यजमान, दोघेही रक्तपेढीकडे पळाले. बाकावर मी आणि सासूबाई. सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “काही बोल वं देवीला. आवडीचं सोडलं का देव ऐकते.”

आमच्या घरात ही रीत आहे. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट सोडायची, मोठं मागणं मागायचं तेव्हाही सोडायची. माझ्या डोळ्यांपुढे ताई होत्या. ताईंना सगळ्यात आवडतं काय? मला दुसरं काही सुचलंच नाही. मी बाकावरून उठून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, “आई इच्छादेवी, हिला घरी परत दे. हिचं धावणं मी तुझ्या पायी ठेवते. ही परत धावणार नाही.”

रक्त थांबलं. संध्याकाळी ताईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी देवीला मनातल्या मनात किती वेळा डोकं टेकवलं ते मोजलं नाही.

आणि मग मी जी चूक केली ती नवसापेक्षा मोठी होती. मी ताईंना सांगितलं नाही. त्या अशक्त होत्या, उगाच कशाला, बऱ्या झाल्या की सांगू, असं करत राहिले. सासूबाईंनी मात्र शेजारी सांगितलं, शेजारणीने पलीकडे सांगितलं. आठ दिवसांत ज्याच्यासाठी नवस होता त्या माणसाला सोडून सगळ्यांना माहीत झालं. भेटायला येणाऱ्या बायका ताईंच्या उशाशी बसून म्हणायच्या, “बरं झालं बाई, सुटलीस एकदाची.” ताईंना वाटायचं आजारातून.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, सगळं छान भरून आलंय. आधी चालायला लागा, मग थोडं थोडं धावा, दुखलं तर थांबा. ताई घरी आल्या त्या जवळजवळ गाणं म्हणत. जिन्याखाली बूट पाहिले, नव्हते. वर पाहिले, नव्हते. शेवटी माळ्यावर गणपतीच्या सजावटीच्या खोक्यात मिळाले, झिरमिळ्यांत गुंडाळून ठेवलेले. खाली येऊन त्यांनी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवले. मी मेथी निवडत होते.

“हे मखरात कुणी बसवले?” त्यांनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, “तुले आता काय काम त्यायचं?”

“धावायचंय आई. डॉक्टर हो म्हणाल्या.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “सांग तिले.”

मी सांगितलं. हातातली मेथी तशीच, खाली मान घालून सांगितलं. वाटलं होतं ताई रडतील नाहीतर ओरडतील. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा सांग. जसं बोललीस तसं. शब्दाला शब्द.”

मी पुन्हा सांगितलं.

“‘हिचं धावणं मी ठेवते.’ असंच म्हणालीस?”

“असंच.”

“म्हणजे अर्जदार तू. आणि जमीन माझी. माझी सही कुठे आहे?”

“देवीपुढे सही कुठे असते ताई?”

“तेच म्हणते मी. माझ्याकडे रोज लोक येतात. भाऊ भावाची जमीन देऊन टाकतो, काका पुतण्याची. कागद पक्का, शिक्का पक्का, फक्त ज्याची जमीन तो गैरहजर. असला कागद चालतो का?”

सासूबाई म्हणाल्या, “देवाजवळ कचेरी नाही चालत.”

“आई, तुम्ही काशीला काय सोडलंत?”

“दोडका.”

“तुम्हाला दोडका आवडायचा?”

सासूबाई पदर सारखा करायला लागल्या. दोडका त्यांना कधीच आवडत नव्हता, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे.

ताई माझ्याकडे वळल्या. “यांनी सोडला दोडका. आणि तू सोडलंस माझं धावणं. तुला सोडायचंच होतं तर चहा सोडायचास. दिवसातून चारदा घेतेस.”

“मला त्या वेळी चहा आठवला नाही.”

“नाहीच आठवणार,” ताई म्हणाल्या. “दुसऱ्याचंच आठवतं.”

एवढं बोलून त्यांनी बूट उचलले आणि जिन्याखाली मूळ जागी ठेवले. मला वाटलं सकाळी गेटची कडी वाजेल. वाजली, पण धावायला नाही, चालायला. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, “मी देवीला मानते गायत्री. म्हणून चोरून नाही धावणार. चुकीची नोंद झाली तर कागद फाडून फेकत नाहीत. ज्या टेबलावर झाली त्याच टेबलावर जाऊन सांगायचं. नवरात्रात मी इच्छापूरला जाणार, पायी. तू माझ्यासोबत येशील. आणि एक लक्षात ठेव, मी विचारायला नाही चालले. सांगायला चालले.”

नवरात्राला दीड महिना होता. तो दीड महिना आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. भाऊजी एकदा खाली येऊन मला म्हणाले, “तुम्ही समजवा तिला. मी हात जोडतो. मी तिला एकदा तसं पडलेलं पाहिलंय, पुन्हा नाही पाहू शकत.” मी काय समजावणार. मी ज्या तोंडाने नवस बोलले त्या तोंडाचा आता घरात काही उपयोग राहिला नव्हता.

मधेच एक विघ्न आलं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. त्या दिवशी मी बाहेर गेले होते आणि सासूबाईंनी वरून हाक मारली, सुलभा, पाणी जाईल. ताईंनी भरलेला हंडा उचलून ओट्यावर ठेवला. एक नाही, तीन. संध्याकाळी पोटात कळा, थोडं रक्त दिसलं, अंगात कसकस. झालं. गल्लीत पुन्हा सभा भरली. नुसतं धावायचं मनात आणलं तर हे झालं, धावली तर काय होईल. देवीसमोर दिवा लावून मी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे मीच त्यांना घेऊन गेले. त्यांनी तपासलं, पुन्हा सोनोग्राफी केली, काही विशेष नव्हतं, ताण पडला होता. विचारलं, “क्या उठाया था?”

“हंडा,” ताई म्हणाल्या. “तीन.”

“दौड़ने को मैंने हाँ बोला था. हंडे को किसने हाँ बोला?”

घरी आल्यावर ताई सरळ पुढच्या खोलीत गेल्या. भाऊजी होते, आमच्याकडचे होते, सासूबाई होत्या. ताईंचा आवाज वाढलेला नव्हता. “एक विचारते. मी मरत होते तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं धावणं देवीला दिलंत. कुणाला असं का सुचलं नाही की आई, हिला वाचव, ही परत पाणी भरणार नाही? ही परत पन्नास माणसांच्या पोळ्या लाटणार नाही?”

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढंच. पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी भाऊजी नळाखाली हंडा लावून उभे होते. लुंगी वर खोचलेली, चेहरा पडलेला, आणि कुणी बघू नये म्हणून गेट लावून घेतलेलं. नवसाबद्दल मात्र त्यांचं मत बदललं नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते ताईंना म्हणाले, “पाणी मी जन्मभर भरीन. पण तू देवीशी वाकडं घेऊ नको.” ताई म्हणाल्या, “वाकडं कुठे घेतेय. सरळ रस्त्याने तर चालले.”

म्हणून त्या मंगळवारी आम्ही दोघीच होतो. सोबत यायला कुणी तयार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चालायची परवानगी दिली होती, वजन नको म्हणाल्या होत्या, म्हणून ओटीची पिशवी माझ्याकडे. ताई दर तासाला दहा मिनिटं बसायच्या, पाणी प्यायच्या, उठायच्या. घड्याळ लावून. मी उपाशी, त्यांनी केळी खाल्ली, चार.

शहापूरनंतर ट्रकांची धूळ वाढली. मग ताईंनी पुढे बघतच विचारलं, “तुला खरंच वाटतं देवी मला मारेल?”

“देवी कुणाला मारत नाही,” मी म्हटलं. “आई आहे ती. पण ताई, बोललेला शब्द असतो.”

“शब्द तुझा आहे. मग लागला तर तुला लागेल, मला कशाला?”

मी ओटीची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“तू घाबरतेस ती माझ्यासाठी की स्वतःसाठी?”

खरं सांगायचं तर हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. पंधरा-वीस पावलं चालल्यावर मी म्हटलं, “दोन्हीसाठी. तुम्हाला काही झालं तर मी म्हणेन माझ्यामुळे झालं. नवस बोलले म्हणून झालं, नाहीतर मोडू दिला म्हणून झालं. माझी सुटका कुठेच नाही.”

ताई थांबल्या. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, जसं त्या मूळ कागदाकडे पाहतात. “हे आधी सांगायचंस,” म्हणाल्या. “मला वाटत होतं तू त्यांच्या बाजूची आहेस.”

मग त्यांनी माझ्या हाताला धरलं आणि आम्ही चालायला लागलो.

साडेदहाच्या सुमाराला डोंगर दिसला, वरचं देऊळ आणि झेंडे. पायऱ्यांवर गर्दी होती. खाली ताईंनी बूट काढले, पायऱ्यांच्या पहिल्या दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि कठडा धरून चढल्या. तीनदा बसल्या. घामाने ओल्या झाल्या होत्या, पण माझा हात त्यांनी घेतला नाही.

गाभाऱ्यात पुजारी सगळ्यांना पुढे ढकलत होता. मी ओटी दिली, खण, नारळ, हळद-कुंकू. ताई मात्र देवीच्या डोळ्यांत बघत हात जोडून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या, मनात नाही, तोंडाने, जसं खिडकीवर बोलतात तसं.

“आई, मी सुलभा. निंबोल्याची, बऱ्हाणपूरला दिलेली. कार्तिकात तू मला परत पाठवलंस, ते मी विसरलेली नाही. त्या दिवशी माझ्या जावेने माझं धावणं तुला दिलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते तिचं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही.”

“चलो माताजी, आगे चलो,” पुजारी म्हणाला.

“दो मिनट रुको महाराज, ज़रूरी बात चल रही है.” आणि पुन्हा देवीकडे वळून, “मी ते परत घ्यायला आले. तू जीव दिलास तो नुसता बसवून ठेवायला दिला नसशील, असं माझं मत आहे. तुझं वेगळं असेल तर मला सांग. हिला नको. माझं आहे ते माझ्याशी.”

मागच्या बाया कुजबुजल्या. पुजाऱ्याने ताईंच्या कपाळाला कुंकू लावलं, ते जरा जोरातच लावलं, आणि आम्हाला बाजूला केलं. देवी जशी होती तशीच होती. तिचे मोठे डोळे, चांदीची छत्री, समोर नारळांचा ढीग. कौल वगैरे काही झाला नाही. मी वाट पाहत होते, नाही म्हणत नाही. फूल पडावं, दिवा फडफडावा, काहीतरी. काही झालं नाही.

खाली उतरल्यावर मेळ्याच्या मागच्या अंगाला कापूस काढून रिकामं झालेलं एक शेत होतं आणि त्याच्या कडेने बैलगाडीची वाट. तिथे गर्दी नव्हती. ताईंनी बांधावर बसून बूट घातले, नाड्या दोनदा बांधल्या. मी म्हटलं, “ताई, आज बावीस किलोमीटर चाललात. आज नको. घरी जाऊ, उद्या बघू.”

“थोडंच,” म्हणाल्या. “त्या बाभळीपर्यंत.”

आठ वर्षांत मी त्यांना एकदाही धावताना पाहिलं नव्हतं. त्या धावल्या. धावल्या म्हणजे काय, म्हातारी म्हैस पाण्याकडे निघते तशा. एक हात पोटावर, पाय जड, धूळ उडतेय. चालणारा माणूस त्यांच्या बरोबरीने गेला असता. पण खांदे हलत नव्हते. बाभळीपाशी पोचल्या, खोडाला हात लावला, तिथे वाकून उभ्या राहिल्या. मग त्या वळल्या आणि परतही धावतच आल्या, जाताना होत्या त्याहून हळू.

समोर येऊन थांबल्या तेव्हा बोलता येत नव्हतं. तोंड लाल, कुंकू घामाने नाकापर्यंत उतरलेलं. मी पाणी दिलं. त्यांनी पोटावर चार ठिकाणी दाबून पाहिलं, डॉक्टरीणबाई दाबतात तसं, आणि मान हलवली. ठीक आहे.

मग बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “एक काम करशील?”

“सांगा ना.”

“घरी गेल्यावर आई विचारतील. तुझे भाऊजी विचारतील. ती कौतिकमावशी तर दारातच बसलेली असेल. तेव्हा तू मागे उभी राहू नकोस. पुढे हो आणि तूच सांग की नवस मोडला. आणि कुणी मोडला म्हणून विचारलं, तर माझं एकटीचं नाव सांगू नकोस.”